नव्या वसाहतीतली याडी

बंद घराचं कुलूप काढण्याआधी धरमीबाई दाराची कडी वाजवायची. आत कोणी नाही हे तिला ठाऊक असायचं. मालक पुण्याला नाहीतर औरंगाबादला, आणि किल्ली तिच्याच ओढणीच्या टोकाला बांधलेली. तरी ती कडी वाजवून क्षणभर थांबायची, मगच कुलपाला हात लावायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "एकटं घर दचकतं, बाई. आधी सांगावं त्याला, आमी येऊन राहिलो म्हणून."

हिंगोलीच्या बाहेर माझ्या बाबांसारख्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी प्लॉट घेऊन ही वसाहत वसवली होती. नाव नवी वसाहत, पण नव्वद साल उजाडेपर्यंत ती पुरती जुनी झाली होती. धरमीबाई साखऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरची. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता, त्याने शेवटच्या ओळीत दोन खोल्या बांधल्या. सुरुवातीला वसाहतीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत. पुढे नवरा गेला. मूलबाळ नव्हतं, पण ती तिथेच राहिली. आमच्या पिढीतली पोरं शिकून बाहेर पडली, त्यांच्यामागे म्हातारेही निघाले, आणि जाताना प्रत्येकाने किल्ली ठेवली ती तिच्याकडेच. आम्ही सगळे तिला याडी म्हणायचो. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई.

संध्याकाळी बाबा आणि ती आमच्या ओट्यावर वाद घालत. किराणा दुकान बंद पडलं, बालवाडी उठली, गणपतीच्या आरतीला माणसं मिळेनात. बाबा म्हणायचे, "संपली आता वसाहत."

"संपली काहून म्हणता, मास्तर? थकली म्हणा," ती म्हणायची.

मग हिंगोली जिल्हा झाला. आता कचेऱ्या येतील, भाडेकरू येतील, वसाहत पुन्हा भरेल, असं बाबांना वाटलं. कचेऱ्या गावाच्या दुसऱ्या अंगाला गेल्या. आमच्याकडे आले ते दलाल. प्लॉटचे भाव चढत गेले आणि माणसं कमी होत गेली. हे कसं, ते बाबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. याडी म्हणायची, "भाव काय बघता? संध्याकाळी धूर किती घरातून निघतो, ते बघा."

बाबा गेल्यावर आईला मी औरंगाबादला आणलं. काही वर्षांनी घर विकायचं ठरलं. हिंगोलीतला एक व्यापारी घ्यायला तयार होता. त्याला राहायचं नव्हतं. भाव आणखी चढेपर्यंत घर तसंच बंद ठेवायचं होतं. याडीला न कळवता मी भर दुपारी त्याला घेऊन गेले. दाराला कुलूप नव्हतं. ढकललं तसं ते उघडलं, आणि ज्वारीच्या पिठाने भरलेले हात पुढे धरून एक मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोण पाहिजे तुमाला?" तिने मला विचारलं.

माझ्या घरात, माझ्या आईच्या चुलीपासून उठून आलेली ती पोर मला विचारत होती. भिंतीलगत वळकट्या होत्या, दोरीवर ओढण्या वाळत होत्या. बाबांच्या खोलीत आणखी मुली पुस्तकं छातीशी धरून उभ्या होत्या. व्यापारी म्हणाला, "तुम्ही तर घर रिकामं म्हणाला होता," आणि चपला न काढताच मागे फिरला.

कोणीतरी याडीला बोलावून आणलं. मी विचारलं, "कोण आहेत ह्या?"

"तांड्यावरच्या हायेत. ही धनगराची, गोरेगावकडची. बाप मेंढरामागं. बारावीला हायेत. गावाकडून रोज जीपनं येनं होत न्हाई, होस्टेलात जागा न्हाई."

"भाडं घेतेस?"

"भाडं कशाचं? ज्वारी आनतात आपापली."

"मला विचारायचं होतंस, याडी."

"इचारलं असतं तं तुमी न्हाई म्हणला असता."

तिच्या आवाजात भीती नव्हती, ओशाळेपणही नव्हता. आणखी किती घरांत, असं मी विचारलं तेव्हा तिने नुसता गल्लीकडे हात केला. आम्ही बंद करून गेलेल्या बहुतेक घरांत मुली राहून शिकत होत्या. मी ओट्यावर बसले.

ती शेजारी टेकली. "आमचा तांडा बैलं घेऊन हिंडायचा तवा मुक्काम उठताना चुलीचे दगड मोडत न्हवते, बाई. मागून येनाऱ्याच्या कामी येतात."

मी मुलींना परीक्षेपर्यंत राहू दिलं. पण त्या व्यापाऱ्याने ही गोष्ट गावभर केली. मालक गाड्या करून आले. कुलपं बदलली, मुलींचं सामान रस्त्यावर ठेवलं. समोरच्या घरातल्या म्हातारीचं आजारपण याडीने महिनोन्‌महिने काढलं होतं. त्या म्हातारीच्याच मुलाने चौकीवर तक्रार दिली. याडीला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. घरातलं काय काय नेलंस, असं विचारलं. मला हे कळलं ते नंतर, मुलींकडून. सगळ्या मुली तोवर माझ्या घरात दाटीवाटीने राहायला आल्या होत्या.

परीक्षा संपली आणि याडी आपल्या खोल्यांना कुलूप लावून तांड्यावर भावाकडे निघून गेली. मी जीपने साखऱ्याला उतरून तिच्याकडे गेले. परत चल म्हटलं. माझ्या घरात माझ्या परवानगीने मुली ठेव, कोण काय म्हणतं ते मी बघते. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"चोर म्हटल्यावर दुसऱ्याच्या कुलपाला हात उचलत न्हाई, बाई."

"मग घर तसंच ठेवू?"

"काहून? इक की. फक्त घेनारा राहनारा हाय का, तेवढं बघ."

असा माणूस मिळायला पुढे बराच काळ गेला. ज्याला राहायचं त्याला परवडत नव्हतं, आणि ज्याला परवडत होतं त्याला राहायचं नव्हतं. शेवटी बदलून आलेल्या एका कंपाउंडरला मी घर दिलं, व्यापाऱ्याच्या भावापेक्षा बरंच खाली. बायको, म्हातारी आई, लेकरं, एक शेळी, असा त्याचा संसार. ते राहायला आले त्याच आठवड्यात मी सांगायला तांड्यावर गेले.

भावाने खाट टाकली, पाणी दिलं आणि मान खाली घातली. याडी गेल्या अमावास्येलाच गेली होती. ताप अंगावर काढला, म्हणाला. कोणाला कळवायचं ते त्याला माहीत नव्हतं.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याने विचारलं, "तुमी नव्या वसाहतीतल्या व्हय?"

"हो."

"तिथलं अजून कोनी येनार हाय का? तिच्या दिवसांचा सैपाक केला तवा जास्तीचा टाकला होता आमी. लई घरं सांगायची ती."

मी नाही म्हणाले.