जपानी जावयाचं देवक

माघातला पहिला रविवार, सकाळी दहा. हजर: शेजारचे सर, आमच्या काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांची एकुलती लेक, कागलहून आलेले सरांचे थोरले भाऊ आण्णा, आणि लग्नाची कामं वाटून द्यायला मी.

माणसांची नाती सरांइतकी लांबवर नेणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण बापाकडून फक्त मुलाला जाणारं वाय गुणसूत्र काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त होत नाही. पावणा भेटला की आपण गाव विचारतो. सर त्याच्या पणज्याच्या पणज्याचं मूळ विचारतात. जपानी आणि तिबेटी पुरुषांत एकाच पुरातन बापाची खूण बरीच सापडते, मधल्या चिन्यांत मात्र क्वचित, हे त्यांनी भाजीवालीलाही सांगून झालंय. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी माणसाला तर त्यांनी भर रस्त्यात त्याच्या जपानी भाऊबंदांची हकीकत ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, भाऊबंद आहेत तर स्वेटर घेतील काय?" भिडेखातर सरांनीच दोन घेतले. ते घालायचे कधी, हे काकू अजून विचारतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं जपानी मुलगा पसंत केला, तेव्हा सर पाठ केलेलाच प्रश्न पेपरात आल्यासारखे खूश झाले.

आण्णांचं मात्र अडलं होतं. "पावण्याचं देवक काय? त्ये कळल्याबिगर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय." वडिलांमागं आण्णांनीच शेती बघून सरांना शिकवलेलं. त्यांच्याशिवाय लेकीचं लग्न लावणं सरांच्यानं होणार नव्हतं.

सर तयारीनं बसले होते. "देवक म्हणजे तरी काय आण्णा? बापाच्या घराण्याची खूण. तसलं चिन्ह त्यांच्यातबी असतंय की. जावयाच्या घरी वेळूचं पान आहे." असं म्हणून त्यांनी अभिमानानं मोबाइलवरचा फोटो पुढं केला.

आण्णांनी चष्मा लावून तो निरखला. "आणि आपलं देवक काय रं?"

सरांचा चेहराच उतरला. "वेळूच."

"एक देवक म्हंजे एक रगात. भाऊ-भैण झाली की ही दोघं. कसं लावायचं लगीन?"

जन्मभर साऱ्या जगाला भाऊबंद ठरवणारे सर आता घाईघाईनं पटवू लागले, की कुठं जपान आणि कुठं कागल, काडीचा संबंध नाही. आण्णा ऐकेनात. शेवटी लेक म्हणाली, "पण काका, बाबांच्या घराण्याची ती खूण माझ्यात नाहीच. मुलींत उतरतच नाही ती. विचारा त्यांना."

"व्हय रं?"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "व्हय. माझी माझ्यापाशीच थांबली."

आण्णांनी धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला. "मग आडकाठी न्हाय. येतो मी."

पुढची कामं भराभर वाटली गेली. आचारी काकूंकडं, मांडव माझ्याकडं. सरांच्या घरात देवक बसेल ते हे शेवटचं, हे सगळ्यांना कळलं होतं. वेळूची फांदी कुणी आणायची, तेवढं अजून ठरायचं आहे.