विहीणबाईंनी बूट काढले नाहीत

त्या दिवशी नॉर्वेच्या बर्फात आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा महेश, सून कीर्ती, कीर्तीची आई म्हणजे माझ्या विहीणबाई सुलभाताई, आणि कुत्र्यांची मालकीण सिग्रिड. शिवाय तिची कुत्री, ती वेगळी. यातल्या सुलभाताई आता नाहीत. त्यांची गोष्ट सांगायची आहे.

सुलभाताई कुठल्याही दारात चपला काढायच्या. शारजाला मजाज भागात आमच्या बिल्डिंगखाली एक पार्लर आहे, तिथेही दारात चपला काढून आत. डॉक्टरकडे तसंच. एकदा बँकेत गेलो तर तिथेही काढल्या. वॉचमन मागून धावत आला, "अम्मा, अम्मा, यहाँ पहन के जाओ." त्या त्यालाच म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, स्वच्छ आहे तुमचं."

दर थंडीत त्या पुण्याहून लेकीकडे यायच्या. मी तर मुलाकडेच राहते. आम्ही दोघी एका खोलीत. त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं. "तुमचं होऊ दे आधी." "माझं काय, मी बरी आहे." फारच आग्रह केला तर म्हणायच्या, "अहो, आम्ही मुलीकडचे." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या मुलीकडच्याच राहिल्या आणि मला वरमाई करून ठेवलं. लिफ्टचं दार उघडलं की त्या म्हणायच्या, "तुम्ही आधी." मी म्हणायची, "अहो, तुम्ही पाहुण्या." एवढ्यात दार मिटायचं आणि लिफ्ट वर निघून जायची. महेश वैतागायचा. "यल्ला, यल्ला, चला लवकर! दोघी एकदम शिरा की!"

मी पेणकडची. चौथीपर्यंत शिकले. नवरा लवकर गेला. मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून महेशला वाढवलं. मीठ पायांना खातं. माझ्या टाचांच्या भेगा कधी बुजल्याच नाहीत. कीर्ती पुण्याची, शिकलेल्या घरातली. लग्नात वाटलं होतं, ही माणसं आता नाकं मुरडणार. तर सुलभाताईंनी परात मांडली, कोमट पाणी ओतलं आणि विहिणीचे पाय धुवायचे म्हणून माझ्या त्या टाचा हातात घेतल्या. मी पाय मागे ओढायला लागले तर म्हणाल्या, "असं नका करू. मान आहे तुमचा." त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सांगायच्या, "आमची नोकरी म्हणजे दोघांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं." घरातही त्या अशाच बाजूला झालेल्या असायच्या.

गल्फमधली माणसं सुट्टी मिळाली की थंडी बघायला जातात. कीर्तीला लहानपणापासून कुत्र्यांचं वेड. शारजात फ्लॅटचा मालक कुत्रं ठेवू देत नाही. तिने कुठेतरी वाचलं की नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला कुत्र्यांच्या गाडीतून काही दिवस जंगलात फिरवतात, रात्री लाकडाच्या खोपीत झोपायचं. महेश हमरिया बंदराकडच्या त्याच्या कंपनीतून दमून आला होता. म्हणाला, "जाऊ या की. पण आईला बर्फात कशाला?"

कीर्ती म्हणाली, "माझी मम्मी येणार आणि तुझी आई घरात बसणार? चांगलं दिसेल ते? दोघी येतील, नाहीतर खलास, कॅन्सल."

म्हणून आम्ही दोघी गेलो. सुलभाताईंनी डिंकाचे लाडू केले. मॉलमध्ये खोटा बर्फ असतो तिथे एकदा चालून पाहिलं. तो आणि हा बर्फ, काही संबंध नाही.

तिथे त्या दिवसांत सूर्य वर येतच नव्हता. दुपारी थोडं निळं उजाडायचं, पहाटे उजाडतं तसं, की लगेच परत अंधार. गाडीला जुंपेपर्यंत कुत्री अशी कोकलत होती, मला वाटलं कोण मारतंय त्यांना. गाडी सुटली आणि सगळी एकदम गप्प. मग बर्फावर लाकूड घासल्याचा आवाज तेवढा. झाडं बर्फाने इतकी वाकलेली, की पाटी घेतलेल्या बायकाच रांगेने उभ्या आहेत असं वाटायचं. सिग्रिड कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे घालत होती, एकेक पाय उचलून. सुलभाताई बघत राहिल्या. "विहीणबाई, पोरांचे इतके लाड आपण नाही हो केले."

महेश आणि कीर्ती आपापली गाडी हाकत होते. आम्ही दोघी म्हाताऱ्या सिग्रिडच्या गाडीत, एकीच्या पुढे एक, पाय पसरून. ती मागे उभी राहून हाकायची. सुलभाताईंनी तिला पहिल्याच दिवशी इंग्रजीत विचारून घेतलं, वारा कुठे कमी लागतो. ती म्हणाली, मागे. त्या पुढे जाऊन बसल्या. मी म्हटलं, "आलटून पालटून बसू." तर म्हणे, "अहो, मला पुढचं बघायला आवडतं." आणि तोंडावर मफलर ओढून घेतला. डोळे तेवढे उघडे. दर थांब्याला सिग्रिड एकेकाला विचारायची, "फीट ओके? हँड्स ओके?" ओलं झालं तर लगेच सांगा, लाजू नका, हे तिने निघायच्या आधी दोनदा बजावलं होतं. कीर्तीने मला मराठीत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक गोठलेलं तळं पार करताना आमची गाडी रुतली. वर बर्फ दिसत होता, पण त्याच्याखाली पाणी चढलेलं, सगळा चिखल. महेश आणि कीर्ती मागे होते, सिग्रिडने हात करून त्यांना काठानेच जायला लावलं. मग ती पुढे कुत्र्यांपाशी गेली आणि आमच्याकडे बघून ओरडली, "सिट! सिट!"

सुलभाताई म्हणाल्या, "वजन कमी करायला पाहिजे. मी उतरते."

"अहो, ती बसा म्हणतेय."

"तुम्हाला म्हणतेय ती."

आणि उतरल्या. घोट्याच्या वर गेल्या चिखलात. कडेला धरून गाडी ढकलली त्यांनी, या वयात. गाडी निघाली, त्या धडपडत परत येऊन बसल्या. सिग्रिडची पाठ होती, तिने काही पाहिलं नाही. मी विचारलं, "पाय भिजले का?"

"छे हो, वरवर."

पलीकडच्या काठाला सिग्रिडने विचारलं, "फीट ओके?"

"फाइन, फाइन. ऑल फाइन," सुलभाताई म्हणाल्या.

तिथून पुढे बराच वेळ गाडी चालली. सुलभाताई एरवी सारखं काहीतरी दाखवायच्या, ते बघा, हे बघा. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, डोळा लागला.

खोप म्हणजे एकच खोली, मधे लोखंडी शेगडी. आधी कुत्र्यांचं करायचं, मग माणसांचं, असा सिग्रिडचा नियम. महेश आणि कीर्ती बादल्या घेऊन तळ्यावर गेले, बर्फाला भोक पाडून पाणी काढायला. सिग्रिड बाहेर मांस तोडत होती, कुत्र्यांना पेंढा पसरत होती. आम्हा दोघींना तिने शेगडी पेटवायला सांगितलं. मी काटक्या लावल्या, फुंकलं, पेटली. वळून बघते तर सुलभाताई बाकावर बसलेल्या. माझे बूट दारात आणि त्यांचे पायात.

बँकेच्या दारात चपला काढणारी ही बाई. मी म्हटलं, "बूट काढा."

"काढते जरा वेळाने."

"आत्ता काढा."

"राहू दे हो. तुम्ही आधी चहा घ्या."

मी खाली बसले आणि नाड्या सोडल्या. मोजा बुटाला चिकटला होता. ओढून काढला तर पायाची बोटं ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. दाबून पाहिली, कडक. "कळतंय का काही?"

"काहीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "बरंच आहे की, दुखत नाही."

मी दार उघडून सिग्रिडला हाक मारली. ती आली, बघितलं. ओरडली नाही. चोळायचं नाही, शेगडीजवळ न्यायचं नाही, हे तिने हाताने दाखवलं. मग स्वतःचा स्वेटर वर करून पोटावर थाप मारली आणि माझ्याकडे बोट केलं. पाणी कोमट करायला ठेवून ती फोन लावायला बाहेर गेली.

मी कपडे वर केले. "आणा पाय."

सुलभाताईंनी पाय मागे ओढले. "छे! वरमाईच्या पोटावर पाय देऊ? काहीतरीच काय! कीर्तीला येऊ दे."

"बोलवू कीर्तीला? मग सगळंच सांगते. ओल्या पायांनी बसून होतात ते पण."

"नको नको. सुट्टी वाया जाईल तिची."

"मग आणा. उद्या बोटं काळी पडली की तिसऱ्या मजल्यावर मान चढून जाणार आहे का तुमचा?"

पुण्याला त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, लिफ्ट नाही. भाजी, औषध, वाचनालय, सगळं चालत. पाय गेला की ते घर गेलं. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि पाय पुढे केले.

बर्फाच्या पेटीतले पापलेट उचलून पोटावर ठेवावेत, तसं झालं. माझा श्वासच अडकला. तरी धरून बसले. मिठागरात पौषात पहाटे पाण्यात उतरायचो, तेव्हाही असंच मनात काही आणायचं नाही, धरून राहायचं.

कीर्ती बादली घेऊन आत आली आणि दारातच थांबली. "मम्मी! काय झालं? तू सांगितलं का नाहीस?"

"काही नाही गं, जरा..."

"काही नाही काय! आईंच्या पोटावर पाय आहेत तुझे!" ती रडायलाच लागली. महेश शेगडीत लाकडं सारत राहिला.

मग सिग्रिडने कोमट पाणी आणलं. मोठं भांडं तिथे एकच होतं, कुत्र्यांना खायला द्यायचं. त्यात सुलभाताईंचे पाय सोडले. पाणी गार झालं की मी बदलायची. त्या म्हणाल्या, "उलटं झालं हो सगळं."

"झालं तर होऊ दे."

हळूहळू पायांत लाल रंग यायला लागला. सुलभाताईंनी माझा खांदा गच्च धरला. दातांवर दात ठेवले. आणि शेवटी म्हणाल्या, "दुखतंय. खूप दुखतंय हो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं. पाय जिवंत होते.

सकाळी बर्फावर चालणारी स्कूटर आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. सहल तिथेच संपली. डाव्या पायाची दोन बोटं गेली. बाकी वाचलं.

पाय बरा होईपर्यंत त्या शारजालाच राहिल्या. कीर्ती ऑफिसला गेली की ड्रेसिंग मी करायची. मी विचारायची, "कशा आहात?" त्या म्हणायच्या, "बरी आहे." मी उठायची नाही. तांदूळ निवडत तिथेच बसायची. थोड्या वेळाने परत विचारायची, "कशा आहात?" तेव्हा म्हणायच्या, "काल रात्री ठणकलं फार." दुसऱ्यांदा विचारलं की खरं यायचं. संध्याकाळी खाडीच्या कडेने माझा खांदा धरून चालायला शिकल्या, आणि पुण्याला परत जाऊन तिसरा मजला चढल्या. पोहोचल्याचा फोन आला तो धापा टाकत. "चढले हो!"

तिथे त्या दोन वर्षं राहिल्या. मग एक दिवस फोन आला. "विहीणबाई, घास गिळताना अडकतो. कीर्तीला सांगू नका."

मी फोन ठेवला आणि कीर्तीला सांगितलं.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. इकडे आणलं, औषधं झाली, काही महिने मिळाले. आमच्याच खोलीत, माझ्या शेजारच्या कॉटवर. शेवटी शेवटी बोलणं अगदी थोडं झालं होतं. एका दुपारी मी विचारलं, "कशा आहात?"

"बरी आहे."

मी बसून राहिले. मग परत विचारलं.

"भीती वाटते," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही इथेच बसा. उठू नका." त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते तेवढंच. मी बसले. संध्याकाळी कीर्ती आली, ती दुसऱ्या बाजूला बसली. दोन दिवसांनी त्या गेल्या.

हे वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरात "मी बरी आहे" म्हणणारं कुणीतरी असेल. त्या माणसाला एकदा विचारून उठून जाऊ नका. थोडं बसा आणि परत एकदा विचारा.