माया न सोडता कापायचं

आमच्या थोरल्या मुलीच्या सासऱ्यांइतका निलाजरा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात शोधून सापडणार नाही. तिथल्या राजपुऱ्यात चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे शर्ट आणि ब्लाऊज शिवले. आता त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे स्वतःच्या पोटावरच्या पिशवीची जाहिरात करणं. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांची शौचाची वाट बेंबीच्या डाव्या बाजूला काढलेली आहे आणि तिथे एक पिशवी चिकटवलेली असते. दुसरा कुणी असता तर त्यानं हे शेजाऱ्याला कळू दिलं नसतं. हे गृहस्थ मावा जिलेबीच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, “जरा सरकून घ्या भाऊ, सरकार जागं होऊन राहिलं.” पोटावरच्या त्या लालबुंद तोंडाला ते सरकार म्हणतात, कारण ते कधी काम करील हे कुणालाच ठाऊक नसतं आणि अर्ज करून उपयोग नसतो. पिशवीसाठी त्यांनी कापडी अभ्रे शिवलेत, तेही त्या-त्या शर्टाच्या उरलेल्या तुकड्यांचे, म्हणजे वरून खाली सगळं मॅचिंग. दिवाळीचा अभ्रा रेशमी. कुणाच्या घरी गेले की पाणी पिण्याआधी संडास बघून येतात आणि यजमानांना शेरा देतात. आमच्या घराला “नळ बढिया, कडी ढिली” असा शेरा मिळाला होता आणि मी तो आठवडाभर मनाला लावून घेतला होता.

लाजेच्या बाबतीत मी अगदी दुसऱ्या टोकाचा. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, पण मधल्या सुट्टीआधी वर्गातून उठून जायची माझी कधी हिंमत झाली नाही. त्यामुळे मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझ्याही पोटावर तशीच पिशवी बसवली, आणि तीही कायमची, तेव्हा घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे पुढचं दार लावून घेतलं. धाकट्या मुलीचं लग्न चार महिन्यांवर आलेलं. मी बायकोला सांगून टाकलं की कन्यादान माझा भाऊ करील, मी आतल्या खोलीतून अक्षता टाकीन. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही, तरी मी हललो नाही. मांडवात सगळे गप्प असताना माझं पोट बोललं तर, एवढ्या एका विचारानं मला घाम फुटायचा.

तिसऱ्या दिवशी थोरलीचे सासरे आले, झोळीत शिंप्याची कात्री घेऊन. बायको चहाचं विचारीपर्यंत त्यांनी मला न्हाणीघरात नेऊन स्टुलावर बसवलंसुद्धा. आता व्याही म्हणजे ज्यांच्या ताटात आपण चटणीची जागा चुकू देत नाही, आणि त्यांच्यापुढे मी बनियन वर करून बसलेलो. “शरम करून काय राहिले? पोरगी दिली ना आमच्या घरात, मग पोट दाखवायला काय जातं?” ते म्हणाले. पिशवीखाली जी चिकट चकती लावतात, तिला तोंडाच्या मापाचं भोक आपणच कापायचं असतं. एकतीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढणाऱ्या माझ्या हातून निघालेलं ते भोक जिल्ह्याच्या नकाशासारखं दिसत होतं, आणि भोवतीची उघडी कातडी लाल झाली होती. ते हसले नाहीत. उलट त्यांनी कबूल केलं की पहिल्या वेळी त्यांनी स्वतः भोक मोठं कापून चारी बाजूंनी बोटभर माया सोडली होती. शिवणीसाठी कापडात माया, म्हणजे मापापेक्षा जादा जागा, सोडायची, हीच चाळीस वर्षांची सवय. आठ दिवसांत कातडी सोलून निघाली आणि नर्स ओरडली, “मास्तर, ये ब्लाऊज नहीं है! इथे माया सोडायची नाही!” “जिंदगीभर माया सोडली, व्याहीबुवा,” ते म्हणाले, “आणि हे पोट म्हणतं, नको.” मग त्यांनी माप घेतलं, कात्री फिरवली, कोमट पाण्यानं कातडी पुसून टिपून कोरडी केली, नवी चकती तळहाताखाली दाबून धरली आणि मला मोठ्यानं पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावले. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, आधी संडासाच्या भांड्यात कागद टाकायचा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, पिशवीचं तोंड पुसून घट्ट दुमडायचं, लग्नाच्या सकाळी दोन केळी खायची म्हणजे मामला घट्ट राहतो, असे त्यांचे सगळे नियम मी वहीत क्रमांक घालून उतरवले.

मग त्यांनी व्याहीभेटीची तालीम घेतली. वरात आली की दोन्हीकडचे बाप मांडवाच्या दारात मिठी मारतात, आणि आमचे नवे व्याही निंबोल्याचे केळीवाले, पैलवानी छातीचे. “डावं अंग मागे, उजवा खांदा पुढे,” असं म्हणत त्यांनी मला बैठकीच्या खोलीत आठ वेळा मिठी मारली. आठव्या वेळी मला ती मिठी ओळखीची वाटली. सात वर्षांपूर्वी थोरलीच्या लग्नात त्यांनी मला अशीच भेट दिली होती, तिरकी, नुसत्या खांद्याची. माणूस शिष्ट आहे, शाळामास्तरची सोयरीक याला हलकी वाटते, असं मी धरून बसलो आणि पुढच्या दोन दिवाळ्या त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. “पण तुमचं ऑपरेशन तर लग्नानंतर झालं ना?” मी विचारलं. ते कात्री पुसू लागले. “दोन महिने आधी झालं. तुम्हाले सांगितलं असतं आणि तुम्ही पोरगी दिली नसती तर?”

लग्नाला मी उभा राहिलो. केळीवाले व्याही दोन्ही हात पसरून आले आणि माझी सगळी तालीम त्यांच्या छातीखाली चेंगरली. चकती जागची हलली नाही, पण सरकार बोललं, आणि बँड नेमका तेव्हाच थांबलेला. मांडवभर ऐकू गेलं. माझे कान तापले, पाय आतल्या खोलीकडे वळले. इतक्यात मागून शिंपी व्याह्यांचा खणखणीत आवाज आला, “माफ करा मंडळी, माझं आहे ते! त्यालाबी वरात आल्याचं कळलं!” एवढं म्हणून ते शर्ट वर करून अभ्रा दाखवायला निघाले होते, ते माझ्या थोरलीनं हात धरून थांबवलं. मांडव हसला, सगळ्यांत जास्त केळीवाले हसले, बँड पुन्हा सुरू झाला.

कन्यादान मीच केलं. मुलीचा हात जावयाच्या हातात देताना मला समोर थोरलीचे सासरे दिसत होते, पाहुण्यांची टिंगल अंगावर घेत, प्रत्येकाला उलट उत्तर देत. माझे डोळे भरून आले, आणि लोकांना वाटलं मुलीमुळे. सात वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलाच्या लग्नात, जखम पुरती भरलेली नसताना, हा माणूस सबंध दिवस मांडवात एकटा जीव मुठीत धरून उभा होता. ‘माझं आहे ते’ म्हणायला त्याच्यामागे कुणी नव्हतं. समोर मी होतो, आणि मी रुसून बसलो होतो.