रेतीच्या टेकडीवरचा ओमीन

माझ्या वहिनींना संसदेत सगळे ‘रेतीवाली बाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण लिफ्टचं दार बंद होता होता, म्हणजे बरोबर ऐकू जाईल अशा बेतानं. वहिनी लिफ्टमध्ये हसायच्या आणि राग काढायच्या आमच्या गाडीच्या दारावर. ते दार शेवटी दोरीनं बांधायची वेळ आली होती.

त्यांचं नाव उमसुनाय. आमच्या कारा-जार गावच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. विरोधी पक्षाच्या यादीत अगदी तळाला त्यांचं नाव होतं. वरचे काही जण टुणकन सरकारी बाकांवर जाऊन बसले, तेव्हा रिकाम्या जागेवर ह्यांना राजधानीत, बिश्केकला बोलावणं आलं. मी त्यांचा दीर कुबात, तेव्हापासून त्यांची गाडी चालवतो. गाडी माझा थोरला भाऊ मेदेत ह्याची. तो असतानाही चालवायचो मीच, तो शेजारी पुढे बसायचा. तो गेल्यावर वहिनी त्याच्या जागेवर, पुढेच बसू लागल्या. मागच्या सीटवर एकदाही बसल्या नाहीत.

कारा-जारच्या वर ती टेकडी आहे. जुन्या राजवटीत तिथे युरेनियमची खाण होती. खाणीतून उरलेली विषारी रेती उतारावर ओतली, वरून माती लोटली, भोवती सिमेंटचे खांब रोवले, धोक्याच्या पाट्या ठोकल्या आणि सगळे निघून गेले. पायथ्याशी नदी आहे, आणि खालची गावं त्याच नदीचं पाणी पितात. मेदेत तिथला राखणदार होता. लोक भंगारासाठी पाट्या काढून न्यायचे, हा पुन्हा ठोकायचा. त्याच्या अंगातलं रक्त पातळ होत गेलं आणि तो गेला. मग राखणदाराची जागाच रद्द झाली, आणि लोकांनी उरल्यासुरल्या पाट्याही नेल्या.

संसदेत वहिनींचं काम एवढंच होतं, आणि ते त्यांनी सोडलं नाही. रेती तिथून न्या, नाहीतर उतार बांधून घ्या, एवढाच प्रश्न, दर अधिवेशनात. वेळ संपला की सभापती माईक बंद करायचे. माईक बंद झाला तरी बाई शाळेच्या आवाजात बोलत राहायच्या. समोरचे सभासद फोनमध्ये डोकं घालायचे. मी वर प्रेक्षकांच्या बाकावरून बघायचो आणि माझं डोकं फिरायचं.

मग उलटंच झालं. सरकारनं विधेयक आणलं, की ती टेकडी एका कंपनीला खणायला द्यायची, रेतीत अजून धातू आहे म्हणून. उतार आधीच सरकतोय. खणला तर सगळा नदीत येणार, हे वहिनी छातीवर हात ठेवून सांगत होत्या. विधेयक तुर्गानबायच्या समितीकडे होतं. तुर्गानबाय म्हणजे सरकारी पक्षाचा गडगडाटी माणूस, पोट आधी आत येणार आणि मग तो. वहिनी रोज त्याच्या दारात उभ्या. शेवटी वैतागून, पण रिवाजानं ‘एजे’ म्हणजे ताई म्हणत, तो म्हणाला, “चला एजे, दाखवा तुमची रेती. पण जेवण तुमच्याकडे, आणि मेंढी कोवळी पाहिजे.”

“मेंढी देते. पाणी मात्र बाटलीतलं प्या,” वहिनी म्हणाल्या.

निघालो ते कडाक्याच्या थंडीत. समितीची लहान बस पुढे, आमची गाडी मागे. घाट चढलो तसं धुकं उतरलं. दुपारच होती, पण दिवे लावावे लागले. बस अचानक थांबली. तुर्गानबाय खाली उतरला, डोक्यावरची कल्पाक टोपी नीट केली आणि हातानं सगळ्यांना खाली यायची खूण केली.

धुक्यात समोर एक उंचवटा होता आणि त्यावर ओळीनं उभे सिमेंटचे खांब, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाला गंजलेल्या खिळ्यांची भोकं. आमच्याकडे कबरस्तानावरून कुणी तसंच पुढे जात नाही. गाडी थांबवायची, बसायचं, दुवा म्हणायची, शेवटी ‘ओमीन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणायचं, मगच चाक हलवायचं. तुर्गानबायनं त्या खांबांना कबरी समजलं. पँट वर ओढत तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि त्याच्यामागे सगळी समिती बसली.

मी पुढे धावणार होतो. ते कबरस्तान नव्हतं. तीच ती टेकडी होती. आमचं कबरस्तान पुढच्या वळणावर आहे, मेदेत तिथे आहे.

वहिनींनी माझी बाही धरली. “दुवा चाललीय. मध्ये बोलू नये,” त्या हळूच म्हणाल्या, आणि स्वतःही बसल्या. मीही बसलो.

तुर्गानबायचा गळा चांगला होता. त्यानं मन लावून म्हटलं, इथे जे कुणी आहेत त्यांना जागा प्रशस्त मिळो, माती हलकी होवो. शेवटी सगळ्यांनी हात उघडले, तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, “ओमीन.”

आणि वर, खांबांच्या पलीकडून, एक जण म्हणाला, “ओमीन.”

सावकाश म्हणाला, घसा खरवडल्यासारखा. राहून गेलेला माणूस मागाहून म्हणतो तसा.

कुणी हललं नाही. एक सभासद पुटपुटला, “प्रतिध्वनी आहे.” मी त्या उताराखाली वाढलोय. लहानपणी आम्ही तिथे बोंबलून घसे बसवायचो, तो उतार आवाज परत देत नाही. रेती सगळं गिळते. आणि तो आवाज मला ओळखीचा होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या वर बघत होत्या, आणि त्यांचे हात अजून उघडेच होते.

“कुणी गुराखी असेल,” तुर्गानबाय म्हणाला. मग बसकडे इतक्या घाईनं गेला की टोपी मागे राहिली. ती मीच उचलून दिली. दुवा झालीच आहे म्हणून पुढच्या वळणावर खऱ्या कबरस्तानापाशी बस थांबली नाही, आणि बसच्या मागे आम्हीही थांबलो नाही. ते मला फार लागलं. आमच्या घरी मेंढीचं मांस कुणी धड खाल्लं नाही, आणि टेकडी बघायची राहिलीच, कारण वर चला असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बिश्केकला परतल्यावर तुर्गानबाय बदलला. समितीत एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा, मान जरा तिरकी करून. कुणाची तरी वाट बघतोय असं वाटायचं. मग पुढचं वाक्य. त्याची माणसं अवघडून पाणी प्यायची. लिफ्टमध्ये त्याच्या देखत ‘रेतीवाली’ म्हणायची आता कुणाची हिंमत नव्हती.

मतदानाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, तो वहिनींच्या घरी आला. वहिनी स्वयंपाकघरात बोर्सोक तळत होत्या. गुरुवारी तेल तापवून कणकेचे तुकडे तळायचे, म्हणजे तळणीचा वास आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो. आमच्याकडे त्यांचं जेवण म्हणजे तो वासच. तुर्गानबाय दारातच थबकला. त्याला तो वास काय ते कळत होतं.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. “चहा टाक रे, कुबात.”

“चहा नको. एजे, एकच सांगा. तिथे कोण पुरलंय? मी कुणाची दुवा म्हटली?”

मी चुलीपाशी उभा होतो. मला वाटलं, आता वहिनींनी नुसतं ‘आपली माणसं’ म्हणावं, की काम फत्ते. कबरी खणायच्या बाजूनं हात वर करणारा माणूस आमच्या देशात पुन्हा निवडून येत नाही. वहिनींनाही ते दिसत होतं. त्यांनी झारा कढईवर आडवा ठेवला.

“कुणी पुरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ती रेती आहे. तुम्ही जे विधेयकात खणायला निघालात, तीच. खांब कुंपणाचे आहेत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण दुवा मोडवली नाही.”

मी मनात कपाळावर हात मारला. आता हा माणूस हसणार, सुटलो म्हणणार आणि उद्या विधेयक पास करणार.

तुर्गानबाय हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला.

“कबरी असत्या तर बरं होतं, एजे,” तो म्हणाला. “मग ओमीन कोण म्हणालं?”

वहिनींनी झारा उचलून कढईतले तुकडे उलटले. कढईत तेल तडतडत होतं. तो जिना उतरून गेला, आणि मधल्या मजल्यावर थांबल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी वर प्रेक्षकांत होतो. तुर्गानबाय समितीच्या वतीनं उभा राहिला. कागद हातात होता, पण वाचला नाही. “ते विधेयक मी मागे घेतो,” तो म्हणाला. “टेकडी खणायची नाही. उतार बांधून घ्यायचा. तिथे आपलं माणूस आहे.” एवढं बोलून तो थांबला, मान तिरकी केली, आणि खाली बसला. सरकारी बाकांवर कुजबुज झाली, पण उठून ‘कोणतं माणूस’ म्हणून कुणी विचारलं नाही. समितीतले सगळे आपापल्या टेबलाकडे बघत होते.

मी खाली धावलो. वाटलं, वहिनी खुशीत असतील. त्या गाडीत बसून रडत होत्या.

“जिवंत माणसं आजारी पडताहेत म्हणून इतकी वर्षं घसा फोडला मी,” त्या म्हणाल्या. “एकानं ऐकलं नाही. तो बिचारा एक शब्द बोलला, तर ऐकलं.”

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

मग त्या डोळे पुसून म्हणाल्या, “कारा-जारला चल. त्याच्यापाशी आपण थांबलो नव्हतो.”

वाटेत घरून वहिनींनी बोर्सोकचा डबा, स्टोव्ह, कढई, तेल आणि मळलेली कणीक गाडीत घेतली. त्या दिवशी ऊन होतं. कबरस्तानापाशी बसलो, मी दुवा म्हटली, दोघांनी ओमीन म्हटलं. मग आम्ही दोघंही, एकमेकांना न सांगता, कान देऊन बसलो. गवतातून वारा गेला, बाकी काही नाही. वहिनींनी मेदेतच्या मातीवरून हात फिरवला.

“तो इथे नाहीच,” त्या म्हणाल्या. “कामावर आहे अजून.”

मग मला गाडी टेकडीकडे वळवायला लावली. मी म्हटलं, “वहिनी, बोर्सोकचा डबा आहे मागे, वर नेऊन ठेवू का?”

“वेडा आहेस का! तिथे खायचं काही न्यायचं नाही. उद्या कुणाचं पोर उचलून खाईल. स्टोव्ह काढ, कढई काढ.”

कुंपणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्यावर, आम्ही स्टोव्ह पेटवला. वहिनींनी तेल तापवलं आणि कणीक सोडली. वारा खालून वर वाहत होता, वास खांबांमधून सरळ वर गेला. मी रस्त्याकडे बघत राहिलो. वर बघायचा मला धीर झाला नाही.

आमच्यात बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. उभ्या जन्मात वहिनींनी मारली नव्हती, तो गेला तेव्हाही नाही. त्या उठल्या, वर तोंड केलं आणि शाळेच्या आवाजात ओरडल्या, “मेदेत! झालं रे काम! आता नाही खणणार ते! ये खाली!”

आम्ही थांबलो. कुणी उत्तर दिलं नाही. तेल निवलं, मी सामान डिकीत टाकलं, दोरी सोडून पुढचं दार उघडलं आणि वहिनींसाठी धरून उभा राहिलो.

वहिनी आल्या, आणि मागचं दार उघडून मागे बसल्या.

मी पुढचं दार थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग हळूच लावलं.