अर्ध्या खांबाची विहीर

पेंटरमामांविषयी लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो, की जळगावपासून धुळ्यापर्यंत माणसाचा असा अंत पाहणारा दुसरा पेंटर नाही.

माझ्या आईला त्यांनी बहीण मानलं, म्हणून ते मामा. हात असा, की त्यांनी भिंतीवर काढलेल्या केळीच्या घडाला शेळीनं तोंड लावलेलं मी स्वतः पाहिलंय. पण काम कोणतंही असो, मामा त्यात एक विहीर घुसवणारच! चार खांबांची मारवाडी विहीर, चौथा खांब अर्धा, त्याला टेकलेलं वाकडं झाड आणि मोट ओढणारा उंट. शाळेनं भिंतीवर जलचक्र काढायला सांगितलं, तर ढगांतला सगळा पाऊस त्या एकाच विहिरीत. ठिबकच्या दुकानदारानं तर कपाळाला हात लावला. "पेंटर, थेंब थेंब पाणी वाचवायचं दुकान माझं, अन् तुम्ही दारातच मोट जुंपली!" मामा शांतपणे म्हणाले, "पाणी व्हई, तवयच वाचाडशी ना, शेठ?"

ताईच्या लग्नात आमच्या धरणगावच्या घराची भिंत त्यांच्याकडेच होती. दाराच्या एका बाजूला गणपती छान उतरला. दुसऱ्या बाजूला विहीर! ताईचं नाव उंटाच्या पाठीवर, नवरदेवाचं अर्ध्या खांबावर, आणि आडनाव मावलं नाही म्हणून सोडून दिलेलं. वडील भडकले, "पेंटर, लगीन मनी पोरनं शे का तुना उंटनं?"

"दाजी, उंट आहेरमा धरा."

व्याह्यांची समजूत घालता घालता माझा दिवस गेला. संध्याकाळी मीही चिडून विचारलं, "मामा, जे गाव तुम्ही कधी पाहिलं नाही, तिथली विहीर आमच्या माथी का?" ब्रश धुताना ते सांगू लागले. पणजोबा दुष्काळात मारवाड सोडून चालत इकडे आले. पुढे घरातली बोली बदलली, जेवण बदललं. बाप मुलाला सांगत आला ती विहीर तेवढी उरली. "गावनं नाव इसरनूत, भाचा. रस्तावर काढी ठेवी तं कोनी तरी वळखी."

मला ते काही पटलं नव्हतं. परवा ते शिडीवर चढून आमच्या कॉलेजची भिंत रंगवत होते आणि मी खालून विनवत होतो, इथे तरी विहीर नको. तेवढ्यात खाली ठेवलेला त्यांचा फोन वाजला. हात रंगाचे, म्हणून मी घेतला. सोनगीरचा ढाबेवाला होता. मामांनी रंगवलेल्या त्याच्या भिंतीपुढे एक राजस्थानी ट्रकवाला चहा गार होईपर्यंत उभा राहिला होता. अर्ध्या खांबावर बोट ठेवून म्हणाला होता, ही तर आमच्या गावची.

गावाचं नाव मी ओरडून वर सांगितलं. मामांनी ते हळूच उच्चारून पाहिलं, मग पुन्हा एकदा.

"झाड शे का?"

मी फोनवर विचारलं, ढाबेवाल्यानं शेजारी उभ्या ट्रकवाल्याला. झाड केव्हाच पडलं होतं.

मामा पुन्हा भिंतीकडे वळले. "तठलं पडनं. आते आठलं तरी ऱ्हावू दे," म्हणाले आणि हात खाली केला. मी मुकाट्यानं हिरव्या रंगाचा डबा वर दिला.

"अन् पाणी?" त्यांनी मागे न बघता विचारलं. मी फोनवर विचारून घेतलं.

"आहे, मामा. गाव अजून तेच पितं."