बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली

अग्निशमन दलात टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना साहेबांनी नवं काम दिलं: वस्त्यांमध्ये जाऊन लोकांना धोके समजावायचे. वर्षभरात त्यांचं नाव पडलं 'धोकेबाई'. त्या गल्लीत शिरल्या की दारं लोटली जायची.

त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती ती बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीची. बर्फ गोठवायला लागणारा अमोनिया वायू तिथल्या जुनाट टाकीत भरलेला, आणि टाकीच्या कुंपणाला लागूनच घरं. त्यांची थोरली नणंद तिथेच एकटी राहायची. अधूनमधून डोळे चुरचुरायचे, तेव्हा ती म्हणायची, "कुणीतरी कांदा चिरतंय."

सुरुवातीला बाई भीतीच घालायच्या. वायू सुटला तर डोळे जातात, छाती आतून भाजते, सगळं सांगायच्या. लोक माना डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. नणंद तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, जेवायला हजारदा ये. पण ते अभद्र बोलणं चपलांबरोबर बाहेर ठेव. घर तथास्तु म्हणत असतं."

एकदा गल्लीतल्या शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "बाई, मरायचं कसं ते रोज सांगता. वाचायचं कसं, ते कधी सांगणार?"

बाईंना ते झोंबलं, आणि पटलंही. त्यांनी शिंप्याकडूनच लाल चिंध्या मागून घेतल्या आणि गल्लीतल्या खांबांवर उंच बांधवल्या. त्यानंतर त्या एवढंच विचारायच्या, "चिंधी कुठे उडतेय?" उडतेय तिकडे पळायचं नाही. तोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याला आडवं निघायचं आणि शाळेच्या मैदानात जमायचं. ज्याला चालवत नाही त्यानं आतच थांबायचं, फटी ओल्या कापडानं बुजवायच्या. लोक आता ऐकू लागले. सरावही झाला. शिंपी सगळ्यांच्या पुढे होता. नणंद मात्र स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. "माझे गुडघे तुमच्या खेळातले नाहीत."

उन्हाळ्यात एका सकाळी टाकीचा पाइप फुटला. कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही. आधी पत्र्यावरची कबुतरं टपटप खाली पडली. मग पांढरं धुकं जमिनीलगत सरपटत गल्लीत आलं.

बाई बंबाबरोबर पोहोचल्या तेव्हा मैदान भरलेलं होतं. लोक खोकत होते, ओकत होते, पण जिवंत होते. शिंपी दिसेना. त्याची बायको सांगू लागली, "बरोबरच निघालो होतो हो. फडकं होतं तोंडावर. स्कूटर घेऊन येतो म्हणाले आणि मागे वळले."

नणंदही दिसेना. बाईंना आत जायची परवानगी नव्हती. मुखवटे लावलेले जवान आत गेले, आणि बाई रस्ता अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. चिंध्या अजून घरांच्याच दिशेनं उडत होत्या.

बऱ्याच वेळानं जवानांनी नणंदेला उचलून आणलं. ती न्हाणीघरात सापडली होती. दाराच्या फटीत भिजवलेली चादर ठासलेली. डोळे सुजले होते, पण श्वास चालू होता.

"वन्सं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"पाठ फिरवली होती," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कान नव्हते फिरवले."

शिंपी गेला. कारखान्यातले दोन कामगारही गेले.

पावसाळा संपता संपता कारखाना पुन्हा सुरू झाला. टाकीला नवा रंग लागला. गल्लीतले लोक म्हणाले, इडा-पिडा टळली एकदाची. चिंध्या बघवत नाहीत म्हणून कुणीतरी काढूनही टाकल्या. बाई सरावाचं बोलायला गेल्या तेव्हा शिंप्याच्या बायकोशिवाय कुणी नणंदेच्या ओट्यावर आलं नाही.

परतताना नणंद काठी टेकत कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. कुंपणापलीकडे पंप घरघरत होता.

"वहिनी, खरं सांग. परत होईल?"

"माहीत नाही, वन्सं. रंग नवा आहे. टाकी तीच आहे."

नणंदेनं मान हलवली आणि शेजारच्या बंद दाराची कडी वाजवली.