चटणीच्या पेजवर नायना

हॅशटॅगचं मला कुणी शिकवू नये. शेंगाचटणीचं माझं पेज मी एकटीनं उभं केलंय. कुठला शब्द टाकला की पुण्यातलं गिऱ्हाईक सापडतं आणि कुठला टाकला की नागपूरचं, हे मला तोंडपाठ होतं. त्याचा मला माज होता. हो, माजच.

म्हणून नायना, म्हणजे माझे वडील, दुपारी घरातून निघून गेले तेव्हा पोलिसांत तक्रार दिल्या दिल्या मी फोन हातात घेतला. नायनांनी जन्मभर मागावर चादरी विणल्या. वर्षभरापासून त्यांचं डोकं साथ देत नव्हतं. आधी माणसांची नावं गेली, मग मराठी गेली, आणि उरली नुसती घरातली तेलुगू. त्यात ते सारखे "गावाला जायचंय" म्हणायचे.

अम्मा म्हणाली, "तिकडं तेलंगणातल्या लोकांनाही कळव की गं. तिकडच्याच गाडीत बसले असतील."

मी खेकसले, "तिकडं कोण हाय आपलं? तिकडून आले ते आजोबा, नायनांचा जन्म सोलापूरचा. तू गप बस."

शाळेत "तुम्ही तेलुगू ना?" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आपला माणूस म्हटलं की लोक धावतील, या हिशेबानं मी लिहिलं, 'सोलापूरचे आजोबा, मराठी बोलतात.' धडधडीत खोटं. खाली सोलापूर, सोलापूरकर, हरवले आहेत, सगळे हॅशटॅग लावले. त्या आठवड्यात एक नाच गाजत होता, त्याचाही लावला. बाप हरवलाय आणि ही बया नाचाचा हॅशटॅग लावतीय! पण पोस्ट लांबवर जाते ना.

गेली की. हजारोंनी बघितली. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मधेच एकीनं विचारलं, "ताई, चटणी लई तिखट हाय का?" तिला मी नको नको ते बोलले आणि मग ढसाढसा रडले. दादा मोटारसायकलवर फोटो घेऊन होटगी, अक्कलकोट, तुळजापूर पालथं घालत होता. मी दिवसभर माझेच हॅशटॅग उघडून बघत बसायची.

अकराव्या दिवशी हैदराबादच्या, लांबच्या नात्यातल्या एका बाईंनी लिंक पाठवली. फोटोत नायना चहाच्या टपरीपुढं बाकावर बसलेले, हातात ग्लास. मी किंचाळलेच. खाली मजकूर होता तो तेलुगू अक्षरांत. आम्ही भांडतो तेलुगूत, रडतो तेलुगूत, पण शाळा सगळ्यांची मराठी. घरात एकालाही त्यातलं एक अक्षर लागेना. बाईंनीच फोनवर वाचून दाखवलं. तेलंगणातल्या एका लहान गावातल्या चहावाल्यानं, नायना घरातून गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी ते टाकलं होतं. 'हे आजोबा तेलुगू बोलतात. गाव सांगता येत नाही. मागावर काम करायचे म्हणतात. ओळखत असाल तर कळवा.' त्याचे सगळे हॅशटॅगही तेलुगूतच होते.

तडक गाडी करून निघालो. पोचलो तेव्हा सरकारी दवाखान्यात नायनांना वारून दोन दिवस झाले होते. छातीत कफ भरला होता म्हणे. दादानं सह्या केल्या. अम्मानं शवागारात त्यांचे पाय चेपले, रोज रात्री चेपायची तसे.

नंतर आम्ही त्या चहावाल्याकडं गेलो. त्यानं बाक पुसून अम्माला बसवलं. रोज इडली देत होतो म्हणाला, दवाखान्यातही मीच नेलं. मग माझ्याकडं वळून, जराही न चिडता, त्यानं विचारलं, "अक्का, मी पाच वेळा टाकलं. केवढं स्पष्ट लिहिलं होतं. तुमच्या घरात कुणीच वाचलं नाही का?"

अम्मा माझ्याकडं बघत राहिली.

"आम्हाला वाचता येत नाही, अण्णा," मी म्हणाले. म्हणाले ते तेलुगूतच, त्याच्याइतक्याच चांगल्या. त्याला ते काही केल्या खरं वाटेना.